अर्ध्यावर अडकलेला काटा

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. १९८९ सालची, पांढरी, ठाण्याच्या नंबरची. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली. नाना कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये नोकरीला होते. डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत जाऊन लोकांसाठी गाड्या बनवायच्या आणि स्वतःची गाडी फक्त रविवारी नि मे महिन्यात कोकणात जायला काढायची, असा त्यांचा हिशेब. नाना गेल्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी विकायचा विषय दर दिवाळीच्या साफसफाईत निघतो आणि आई, म्हणजे सासूबाई, गप्प बसल्या की तो आपोआप मिटतो.

या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर असायचा. टाकी भरली तरी अर्ध्यावर, रिकामी झाली तरी अर्ध्यावर. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. मी सोडून.

मला ती कळली २०२४ च्या ऑगस्टमध्ये, रात्री साडेबाराला, मुंब्रा बायपासच्या चढावर.

झालं असं, की आमच्या बचत गटातल्या एका बाईच्या लेकीला दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या. तिचं नाव ठाण्याच्या दवाखान्यात घातलेलं, फाइल तिथे, डॉक्टर तिथे. बाहेर धो धो पाऊस, रिक्षा मिळेना. त्या बाईचा मला फोन आला, "ताई, काहीतरी करा." आमचे हे नेहमीची गाडी घेऊन नाशिकला गेलेले. चिरंजीव मित्राकडे अभ्यासाला. दारात उभी होती ती पद्मिनी. मला गाडी येते, आणि पद्मिनीचा तो हाताचा, स्टेअरिंगजवळचा गिअरही नानांनीच मला प्रीमियरच्या मैदानावर शिकवलेला. मी चावी घेतली. चावी दिल्यावर आधी काय बघितलं, तर पेट्रोलचा काटा. अर्धी टाकी. ठाण्याला जाऊन येऊन उरेल, म्हटलं आणि निघाले. (१०८ ला फोन करायला हवा होता, हे मला नंतर सुचलं. मैत्रिणींनो, तुम्ही विसरू नका. फुकट येते ती गाडी, आणि तिच्यात डॉक्टर असतो.)

मानपाडा, काटई, शीळफाटा इथपर्यंत सगळं ठीक. बायपासला चढ लागला आणि गाडीने दोन आचके दिले. मग बंद. मागे कंटेनरची रांग, शेजारून पाणी उडवत जाणारे ट्रेलर, मागच्या सीटवर आडवी पोर आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली तिची आई. काटा अर्ध्यावर. त्यामुळे पेट्रोल संपलं असेल ही शंकासुद्धा मला आली नाही. मी बॉनेट उघडून, मोबाइलच्या उजेडात, ज्यातलं मला काही कळत नाही अशा वायरी हलवून बघत बसले. बहुमोल पंधरा मिनिटं त्यात गेली. शेवटी ह्यांना नाशिकला फोन लावला.

"पेट्रोल संपलं असेल," ते झोपेतच म्हणाले.

"अहो, अर्धी टाकी आहे!"

"छे गं, तो काटा कायमच अर्ध्यावर असतो. तुला माहीत नाही?"

भाजीचा एक टेम्पोवाला थांबला. त्याने पुढच्या सीटवर दोघींना घेतलं आणि ठाण्याला सोडलं. पैसे घेतले नाहीत. मी रस्त्याकडेला गाडीत दारं लावून बसले. चिरंजीवांना डब्यात पेट्रोल मिळवायला दोन पंप फिरावे लागले, कारण सुटं पेट्रोल द्यायला पंपवाले तयार होत नाहीत, आणि ते त्यांचं बरोबरही आहे. तो येईपर्यंत सव्वादोन झाले. पहाटे चारला निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा मी रडले. आनंदाने, असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर रागाने.

दुसऱ्या दिवशी घरात माझी चेष्टा झाली. वाईट हेतूने नव्हे. "प्रीमियरवाल्यांची सून आणि काटा माहीत नाही!" दीर फोनवरून हसले. चिरंजीव म्हणाला, "आई, मी तर किलोमीटर बघतो." मग त्याने गाडीच्या कप्प्यातून नानांची खिशातली डायरी काढून दाखवली. प्रत्येक पानावर नानांच्या बारीक अक्षरात तारीख, किती लिटर भरलं, तेव्हाचे किलोमीटर किती. लिटरला बारा धरून पुढचा हिशेब. म्हणजे प्रत्यक्ष प्रीमियर कंपनीतल्या माणसाने आपल्या गाडीचा काटा दुरुस्त केला नव्हता, वही घातली होती! नंतर ती पद्धत वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे गेली. पुरुष माणसं गाडी घेऊन जात होती, तोवर काही बिघडलं नाही. ज्या दिवशी पद्धत माहीत नसलेलं माणूस चावी घेऊन बसलं, त्या दिवशी गाडी रस्त्यात उभी राहिली.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे आणि तीच आज सांगायची आहे. ज्याला गाडीची सवय आहे, त्याला काट्याची गरजच नसते. तो आवाजावरून, अंदाजावरून, वहीवरून चालवतो. काटा असतो तो अनोळखी माणसासाठी. अडीअडचणीला चावी घेणाऱ्या सुनेसाठी, शेजाऱ्यासाठी, रात्री बोलावलेल्या ड्रायव्हरसाठी. आणि नेमका त्यांच्याशीच तो खोटं बोलत असतो. काटा मुळीच नसता तर मी विचारलं असतं, "पेट्रोल किती आहे हो?" बंद काटा बघून मी विचारलं नाही. म्हणून मला वाटतं, काही न सांगणाऱ्या काट्यापेक्षा काहीतरीच सांगणारा काटा वाईट. "चालतंय की, चालवून घेऊ" असं जेव्हा घरातला सवयीचा माणूस म्हणतो, तेव्हा चालवून घेणारा तो नसतो, भलताच कुणीतरी असतो.

मी ठरवलं, हा काटा दुरुस्त करायचा. आणि स्वतः उभं राहून करून घ्यायचा.

पहिल्या गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "वहिनी, जुन्या गाड्यांचे काटे चालतच नाहीत." दुसऱ्याने विचारलं, "साहेब कधी येतील?" मी म्हटलं, साहेब येणार नाहीत, गाडी माझी आहे. तर तो म्हणाला, "मग भंगारात का देत नाही? पार्किंगची जागा मोकळी होईल." ह्याला मी हसून घेतलं, पण हा सल्ला हल्ली सगळेच देतात. खासगी पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांनंतर आमच्याकडे बंदी नाही, दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आमच्या पद्मिनीची २००४ पासून अशी पाचदा नोंदणी झाली. ती फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि पुढे आणखी वाढली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची बिचारी मधलीच. म्हातारी आहे, पण मानाची नाही. घरोघरी अशा बायका असतात, नाही का? असो.

तिसऱ्या ठिकाणी मात्र माणूस भेटला. कल्याणला एका गल्लीच्या टोकाला त्यांचं छोटंसं गॅरेज. मेस्त्रीकाका सत्तरीला टेकलेले. उमेदवारीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सी दुरुस्त करण्यात घालवलेली. पद्मिनी बघून त्यांनी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिच्या बहिणी मी हजारो उघडल्या असतील."

खरंच होतं ते. एक काळ मुंबईचा टॅक्सीवाला म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. सुरुवातीला अमेरिकन गाड्या कुर्ल्यात जोडल्या जात, मग इटलीची फियाट आली. १९६४ मध्ये 'फियाट अकराशे डिलाइट' आली आणि १९७४ पासून तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं, चितोडच्या राणीवरून. लोक तरीही 'फियाट'च म्हणत राहिले. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची तो काळ. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. नव्वदच्या दशकात आमच्या डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर 'प्यूजो ३०९' तयार होऊ लागली. आमच्या गावाच्या कारखान्यातून विलायती गाडी निघणार, केवढं अप्रूप! काही वर्षांतच तेही बंद पडलं. किती घरांच्या चुली त्या कारखान्यावर होत्या ते इथल्या बायकांना विचारा. कारखाना गेला, पण 'प्रीमियरचं मैदान' हे नाव लोकांच्या तोंडात राहिलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि तिची नोंदणी २००३ ची होती.

तर मेस्त्रीकाका. मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, काटा दुरुस्त करायचा आहे आणि तो कसा करतात ते मला बघायचं आहे." त्यांनी माझ्याकडे एकवार बघितलं आणि स्टूल पुढे केलं. "बसा ताई. अवघड काही नाही. तुमच्या घरी पाण्याच्या टाकीत बॉलकॉक आहे ना?"

पाण्याच्या टाकीत तो गोळा तरंगतो, पाणी वर आलं की गोळा वर येतो. पेट्रोलच्या टाकीतही तसाच एक लहान तरंगता फ्लोट असतो, एका बारीक दांडीच्या टोकाला. दांडीचं दुसरं टोक एका छोट्या डबीत जातं. डबीत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं आणि दांडी हलली की एक पत्री त्या वेटोळ्यावरून सरकते. पंख्याचा जुना, मोठा, गरम होणारा रेग्युलेटर आठवतो? खटका फिरवला की वीज कमी-जास्त व्हायची. तसंच हे. पेट्रोल जसं वरखाली होतं, तशी त्या वायरीतून जाणारी वीज कमी-जास्त होते आणि समोरच्या डायलवरचा काटा तेवढा हलतो. म्हणजे टाकीतला फ्लोट, मधली वायर, समोरचं घड्याळ आणि अर्थिंग. बस, एवढंच कुटुंब. ह्यातल्या एकाचं बिनसलं की काटा रुसला. तुमच्या स्कुटीतही बहुतेक हेच असतं बरं का, फक्त टाकी लहान.

आता रुसलेला कोण, ते शोधायचं. काकांनी डिकीतलं सामान काढलं, टाकीवरच्या त्या डबीची वायर सोडवली. टाकी अजून बंदच होती. आधी चावी बंद करून वायरीचं टोक गाडीच्या पत्र्याला पक्कं जोडलं आणि मग मला म्हणाले, "पुढे जाऊन चावी द्या. काटा बघा." मी चावी दिली आणि इतकी वर्षं पुतळ्यासारखा उभा असलेला काटा तरातरा टोकाला गेला! चावी बंद करून वायर मोकळी सोडली, पुन्हा चावी दिली, काटा दुसऱ्या टोकाला. मी पुढच्या सीटवरून ओरडले, "हलला, काका!" रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"म्हणजे घड्याळ ठीक, वायर ठीक," काका म्हणाले. "दुखणं टाकीत." दोन मिनिटांची परीक्षा. नानांपासून चिरंजीवांपर्यंत कुणीही ती केली नव्हती. वही लिहिणं त्यांना सोपं वाटलं.

टाकी उघडायचं काम काकांनी गल्लीत, उघड्यावर केलं. बॅटरीची वायर काढून ठेवली. पोराला बजावलं, इथे बीडी, काडी काही नाही, आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशातलं बंडलही आत ठेवून आले. पेट्रोल पेटत नाही ताई, त्याची वाफ पेटते, आणि वाफ दिसत नाही, असं ते म्हणाले. त्यामुळे हे काम घरी हौसेने करायचं नाही. मी शिकले ते बघायला, विचारायला. टाकी स्वतः उघडायला नव्हे. पेट्रोल पत्र्याच्या दोन डब्यांत काढून बाजूला ठेवलं आणि मग ती डबी दांडीसकट बाहेर आली.

तिची अवस्था बघून मला कसंसंच झालं. दांडी जिथे फिरते तो सांधा गंजाने आणि डिंकासारख्या तपकिरी चिकट थराने पार धरलेला. जुनं पेट्रोल उभ्या गाडीत सुकत जातं, त्याचा हा राप. दांडी मधोमध आखडलेली, म्हणून काटा अर्ध्यावर. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच झालं. नवीन गाड्या त्यासाठी तयार केलेल्या असतात. जुन्या गाड्यांच्या रबराला नि कॉर्कच्या वायसरांना ते मानवत नाही, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. काकांचा सल्ला सरळ होता. गाडी ठेवायची तर चालवा, आठवड्यातून एकदा तरी. पेट्रोल महिनोन्महिने साठवून ठेवू नका.

त्यांनी सांधा साफ केला, दांडी मोकळी झाली. मग मल्टिमीटरच्या दोन वायरी डबीला लावून मीटर माझ्या हातात दिला. ते दांडी हळूहळू वर नेत होते, मी आकडे वाचत होते. आकडे सावकाश बदलायला हवेत, मध्ये उडी नको. अर्ध्यापाशी आले की आकडा गायब! तार तिथेच झिजून तुटलेली. म्हणजे नुसती साफसफाई पुरी नव्हती. नवीन डबी लागणार. कंपनी नाही, तर डबी कुठली? काका म्हणाले, "कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघतो. मिळाली तर मिळाली." जिथे गाडी जन्माला आली त्याच कुर्ल्यात जुन्या भागांचा बाजार आहे, ह्याची मला गंमत वाटली. आठ दिवसांनी ती मिळाली. वापरलेलीच, पण तार धड. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं, म्हणजे त्याला भोक आहे का ते कळतं. नाही आले. नवीन वायसर घातला आणि डबीपासून पत्र्यापर्यंत अर्थिंगची वेगळी वायर टाकली, कारण जुन्या गाड्यांत निम्मी भांडणं अर्थिंगचीच असतात म्हणे. सगळं मिळून खर्च बाराशे रुपये.

मला सगळ्यात आवडला तो शेवटचा भाग. काटा हलतो हे पुरेसं नाही, तो खरं सांगतो का ते बघायला हवं. काढलेलंच पेट्रोल पाच-पाच लिटर मोजून टाकीत ओतायचं आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिहायचं. मी पुढे बसून नानांच्याच डायरीच्या मागच्या पानावर लिहीत होते. पहिल्या पाच लिटरला काटा पावापर्यंत चढायला लागला, तेव्हा काकांनी डबी पुन्हा काढून दांडीला किंचित बाक दिला.

"कशाला काका?"

"ताई, टाकीत पाच लिटर असताना काट्याने रिकामं म्हणावं. खोटं बोलायचंच असेल तर कमी सांगावं. जास्त सांगणारा काटा माणसाला रस्त्यात सोडतो."

वीस लिटर घरचं झालं. टाकी ३८ लिटरची. उरलेलं मोजायला आम्ही पंपावर गेलो आणि पाच-पाच लिटरला थांबा म्हणून सांगितलं. पंपावरच्या पोराने दुसऱ्यांदा थांबवल्यावर माझ्याकडे असं काही बघितलं, की बाईचं डोकं फिरलंय.

घरी आल्यावर ह्यांनी काटा बघितला, वळणावर तो जरा डुलतो असं म्हणाले (डुलतोच, पेट्रोल हिंदकळलं की जुन्या गाडीत डुलणारच), आणि मग म्हणाले, "बाराशे रुपये! अगं, वहीत लिहिलं असतंस तर फुकटात झालं असतं."

मी भांडायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण तेवढ्यात आठवलं, गेल्या वर्षी माझं लहानसं ऑपरेशन झालं, मी चार दिवस दवाखान्यात होते. तेव्हा घरून दिवसातून दहा फोन. "आई, डावीकडचा गॅस पेटत का नाही?" अरे, बटण आत दाबून अर्धं फिरवायचं. "मिक्सर बंदच होत नाहीये." झाकणावर हात ठेवून जरा डावीकडे ढकल. "गीझरला हात लावला तर झिणझिणतंय." देवा! तो नळ उघडायच्या आधी बटण बंद करायचं असतं, माहीत नाही? तेच वाक्य. माहीत नाही? मला वाटत होतं मी किती हुशारीने घर चालवते. माझं स्वयंपाकघर म्हणजे अर्ध्यावर अडकलेल्या काट्यांचं प्रदर्शन होतं आणि वही फक्त माझ्या डोक्यात. सासूबाईंना त्या गीझरने झटका दिला असता, तर मी फोनवरून नाशिकवाल्यासारखंच उत्तर दिलं असतं.

आपण बायका यात फार तयार झालेल्या असतो. सिलिंडरमध्ये गॅस किती उरला ते सांगणारा काटा आपल्याला कुणी दिलाच नाही, तेव्हा सिलिंडर हलवून बघायचा, ओलं फडकं फिरवून कुठवर लवकर सुकतं ते बघायचं, चौदा किलो दोनशे ग्रॅमचा गॅस कितव्या दिवशी संपेल ते कॅलेंडरवर खूण करून ठेवायचं. त्या अंदाजाचं कौतुकही होतं. "तिला बरोब्बर कळतं हं!" कौतुकाने आपण सुखावतो. पण ज्या घरात फक्त तिलाच कळतं, त्या घरात तिने आजारी पडायचं नाही, माहेरी जायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. शिबिरांमध्ये बायका मला सांगतात, "ताई, माझ्याशिवाय घरात पान हलत नाही." पूर्वी मी मान डोलवायची. आता विचारते, का हलत नाही? नक्की काय बिघडलंय, जे तुम्ही दुरुस्त न करता सांभाळताय?

याला उत्तर म्हणून नेहमी पैशाचं कारण येतं. ते खरंही आहे, सगळ्यांनाच बाराशे रुपये सहज काढता येत नाहीत. पण खूपदा कारण पैशाचं नसतं. आमच्याकडे नव्हतं. मेस्त्रीकडे जाऊन उभं राहायचा कंटाळा, "तुम्हाला कळणार नाही" हे ऐकून घ्यायचा संकोच, आणि सवयीचा अभिमान. दुरुस्त करायचं नसेल तर निदान चिठ्ठी तरी लावा. आमच्या गाडीत 'काटा बंद आहे' एवढे तीन शब्द कुणी लिहून चिकटवले असते, तर त्या रात्री मी निघताना पंपावर गेले असते. पेन फुकट असतं.

त्या पोरीची मुलगी आता चालायला लागली आहे. बारशाला आम्ही पद्मिनीनेच गेलो होतो, बायपासवरूनच. चढावर माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त होतं, हे कबूल करते. पाऊण दाखवत होता आणि खरंच पाऊण होतं.

मेस्त्रीकाकांचं गॅरेज मात्र फार दिवस राहील असं वाटत नाही. त्यांचा मुलगा दुसऱ्या कामात आहे, आणि हाताखालचा पोरगा नवीन गाड्यांकडे बघतो, जिथे सगळं कॉम्प्युटर सांगतो. मी त्यांना म्हटलं, आमच्या गटातल्या दोघीतिघींना तुमच्याकडे शिकायला पाठवू का, स्कूटरपासून सुरुवात करू. ते हसले नाहीत. म्हणाले, "सकाळी नऊला येणार असतील तर पाठवा. दहाला आलेलं मला चालत नाही." दोघी जायला लागल्या आहेत. एकीच्या सासूची कुरकुर सुरू आहे, ती मी बघून घेईन.

आणि शनिवारी आमच्याकडे गीझरवाला येणार आहे. मी गटाच्या मीटिंगला असेन, म्हणून घरी थांबायला ह्यांना सांगितलंय. काय झिणझिणतं आणि कुठे, ते कागदावर लिहून गीझरवरच चिकटवून ठेवलंय.